तीन रेघांचा बीजाणू

नाशिकचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याची घरं बांधावीत, पाटे-वरवंटे करावेत. त्यात पहिल्यावहिल्या वनस्पतींच्या खुणा शोधणाऱ्याला लोक वेड्यातच काढतील. आणि अशा गावात मंजुषा पगार यांनी जन्म काढला तो बीजाणूंच्या नादात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, लग्न राहून गेलं ते गेलंच. आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांचा मायक्रोस्कोप, असा दोघांचा संसार आहे. सटाण्याचा भाऊ भारत कांद्याच्या गाडीबरोबर आला की चहा घेता घेता ऐकवतोच, "आक्का, जे डोयाले दिसस नही, त्याना मांगे आख्खी जिंदगी घाली तू." बाई हसतात. बोलणं खोटं नाही, म्हणून जास्त लागतं.

बीजाणू म्हणजे काय, तर नेच्याच्या पानामागची तपकिरी भुकटी. फुलं नव्हती, बिया नव्हत्या, तेव्हा हिरवं जग याच भुकटीवर चालायचं. पाण्यातलं शेवाळ जमिनीवर आलं तेव्हा त्याच्या कणांना असं चिवट कवच मिळालं, की खडक आम्लात विरघळतो, ते विरघळत नाही. पहिल्या रोपांची पानं-देठं मातीला मिळाली, कण मात्र सत्तेचाळीस कोटी वर्षं टिकले. ते जन्मतात चौघं मिळून. सगळ्यात जुने तर एकमेकांना सोडतच नसत. पुढे ते सुटे होऊ लागले, आणि भावंडं जिथं चिकटलेली होती तिथं प्रत्येकाच्या अंगावर तीन रेघा राहू लागल्या. हे शिकवताना बाईंचा आवाज दरवर्षी कातर व्हायचा. पोरांना वाटायचं, घसा बसलाय.

निकिता ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, लखनौला संशोधन करते. तिनं हिमालयातला एक फार जुना खडक आम्लात विरघळवून उरलेला गाळ बाईंकडे पाठवला. मॅडमच्या नजरेवर तिचा भरवसा. त्या गाळात बाईंना एक सुटा, तीन रेघांचा बीजाणू दिसला. इतक्या जुन्या खडकात तो नसायला हवा होता. म्हणजे एक तर वनस्पतींचा इतिहास मागे सरकणार होता, नाहीतर काहीतरी चुकलं होतं. खडकातला कण दबून चपटा आणि गडद होतो. हा टपोरा, फिकट होता. बाईंना ते दिसलं, पण त्यांनी तिकडे काणाडोळा केला. कारण एरवी दिवाळीलाच आठवण काढणारी निकिता आता दर रविवारी फोन करू लागली होती. आधी बीजाणूचं बोलणं, मग छापायच्या पेपरचं, मग मेसच्या पातळ वरणाचं. रविवारी बाई सकाळीच केस विंचरून बसायच्या, जणू फोनमधून कुणी बघणार होतं.

पेपर पाठवायची वेळ आली तेव्हा मन खाऊ लागलं. बाईंनी खिडकीतल्या कुंडीतल्या हंसराज नेच्याचं एक पान खुडलं आणि त्यामागची भुकटी काचेखाली धरली. तोच टपोरा, फिकट कण, त्याच तीन रेघा. चोर घरातच होता. पोरांना तीस वर्षं बजावलं, गाळ उघडा असताना खिडक्या लावा, आणि स्वतःच्या घरात मात्र वारा हवा म्हणून खिडकी उघडी ठेवली.

गप्प बसावं, असं वाटून गेलं. बोलल्या तर रविवार जाणार. पण पेपरवर पहिलं नाव पोरीचं होतं. हसं तिचं झालं असतं.

त्यांनी सांगून टाकलं. "बरं झालं मॅडम, वेळेवर सांगितलंत," एवढं म्हणून निकितानं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंना राग आला नाही, जीव मात्र तुटला. काम असल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. एका दुपारी त्यांनी तो मोडला.

"मॅडम? काही नवीन सापडलं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "काम काहीच नाही. फार एकटं वाटत होतं, म्हणून केला."