पाठ नसलेले कोट

गावात कोणी गेलं, की आधी डॉक्टर यायचे, मग शवपेटी करणारा पेटीवाला आणि मग कोटमास्तर. मेलेल्यांचे कोट शिवण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. समोरून बघावं तर ताठ कॉलर, खिशाला झडप, बाहीला चार-चार बटणं. मागून बघायचं नाही, कारण मागे काही नसेच. ताठरलेल्या हातांत बाह्या चढवायच्या तर कोटाची पाठ उघडीच हवी. दोन नाड्या खालून बांधल्या की झालं. "जिवंतपणी इतके रुबाबदार कधी दिसले नाहीत हो!" असं नातेवाईक डोळे पुसत म्हणत आणि मास्तर विनयाने खाली बघत.

तीस वर्षं असं सुखात चाललं. मग नवे फादर आले आणि पहिल्याच प्रवचनात गरजले, "शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. धुरासारखे नव्हे, याच देहाने!"

मंडळींनी जांभया आवरल्या. देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे, हे ती दर रविवारी एका सुरात म्हणत होतीच. त्यावर विचार करायची वेळ कुणावर आली नव्हती. मास्तर मात्र बोटांवर थडग्यांच्या रांगा मोजू लागले. कब्रस्तानात सगळ्यांचे पाय पूर्वेला. म्हणजे उठणार ते तोंड पूर्वेला करून, एका रांगेमागे दुसरी रांग. बँकेचे मॅनेजर पुढच्या रांगेत आणि त्यांच्या बरोब्बर मागे मुख्याध्यापिकाबाई!

त्यांनी फादरना दारातच गाठलं. "फादर, कपड्यांचं काय?"

"कपडे कुजतात, मास्तर. देह तेवढा अविनाशी होऊन उठतो."

"म्हणजे सगळे उघडेच? बायकाही?"

फादर खोकले. "तेजाचं वस्त्र असेल."

"पाठीकडूनसुद्धा?"

फादरना एकदम कुणाच्या तरी घरी जायचं आठवलं.

आपल्या हातचं कापड कुजेल, हे काही मास्तरांना पटलं नाही. पण गेलेल्या गिऱ्हाइकांचं आता काही करता येणार नव्हतं. निदान आपण तरी अब्रूने उठावं म्हणून मास्तरांनी स्वतःसाठी पाठीसकट, अस्तरासकट अख्खा कोट शिवला. पेटीवाल्याने तो उलटसुलट पाहिला. "हा तुमच्या अंगात घालायचा कसा? हात मोडू?"

"मोडका हात घेऊन उठू मी?"

"मग मरायच्या आधीच घालून बसा!"

पेटीवाला चिडून बोलला, मास्तरांना सल्ला पटला. त्या दिवसापासून दोन शिंका आल्या की ते कोट चढवून पलंगावर सरळ आडवे होत. बायको कपाळाला हात लावी. "अहो, सर्दीने कोणी स्वर्गात जात नाही!"

मग एकदा खरंच छाती भरली. ताप चढला, श्वास घरघरू लागला. भर दुपारी डॉक्टर आले, तर पेशंट गळ्यापर्यंत बटणं लावून पडलेला.

"कोट काढा. पाठीला नळी लावायचीय."

"नाही काढणार. काढला आणि तेवढ्यात गेलो तर?"

"तपासल्याशिवाय औषध कसलं देऊ?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बायकोने मशीनवरची कापडाची मोठी कात्री उचलली, नवऱ्याला कुशीवर ढकललं आणि पाठीमागून कॉलरपासून खालपर्यंत कोट उभा कापला.

"उठायचंय तेव्हा उठा," ती कात्री खाली ठेवत म्हणाली, "आधी या घरात हिंडताना दिसा मला!"

डॉक्टरांनी नळी फिरवली, इंजेक्शन दिलं. "वाचतील. आठवडाभर पडून राहू दे."

मास्तरांनी हात मागे नेऊन कापलेली कड चाचपली आणि ते कण्हले, "अगं, निदान शिवणीवरून तरी कापायचं होतंस!"