व्हर्लिनचा स्टूप्स

हॉटेलवाल्यांनी बक्षीस जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्हर्लिन मात्र बोटांवर वार मोजू लागली. बावीस वर्षं तिनं त्या हॉटेलातल्या खोल्या आवरल्या, म्हणून आता तीन दिवस तिनं तिथंच पाहुणी होऊन राहायचं. शुक्रवार ते रविवार. समुद्राकडची खोली, खाणंपिणं फुकट. आणि शनिवारी परदेशातून माणसं येऊन जाहिरातीसाठी तिची फिल्म काढणार.

"शनिवारी?" व्हर्लिन म्हणाली. "मिस ड्युप्रे, शनिवारी आमच्या कॉसनेलची बोट पाण्यात जायचीये. मी तिची धर्माची आई आहे."

कॉसनेल तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता, व्हर्लिननंच वाढवला. आता चाळिशीला टेकलेला. चार वर्षं खपून त्यानं ती बोट बांधली होती, हॉटेलच्या कुंपणाला लागून असलेल्या गावच्या किनाऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्या कॅरियाकू बेटावर बोट म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. तिला धर्माची आई लागते, पाद्री लागतो, बकरं लागतं आणि ओढायला अख्खं गाव लागतं. नाव काय ठेवलंय ते बांधणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं. ते एका झेंड्यावर शिवून, घडी घालून डोलकाठीला बांधून ठेवतात. धर्माच्या आईनं दोरी ओढायची, झेंडा उलगडायचा आणि नाव मोठ्यानं वाचायचं. मग टेकूंवर कुऱ्हाडी पडतात आणि बोट कुशीवर झुकते.

मिस ड्युप्रे हॉटेलची मॅनेजर. ग्रेनाडाची, मोठ्या बेटावरची, शहरात शिकलेली बाई. ती गोड हसली. "बोट कितीला?"

"एकला. फादरना तीनची फेरीबोट गाठायचीये."

"फिल्म अकराला संपेल. शंभर पावलांवर तर आहे. जा की मग." आणि कागद आवरता आवरता म्हणाली, "तुमची केझाया रिसेप्शनला रुळलीये छान. महिनाअखेर तिला कायम करायचं का ते ठरवायचंय. मी काही म्हणत नाही हं."

मी काही म्हणत नाही, असं म्हणणारी माणसं सगळं म्हणून मोकळी होतात, हा माझा आजवरचा अनुभव. केझाया व्हर्लिनची एकुलती एक लेक. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? व्हर्लिन म्हणाली, "हो मिस ड्युप्रे. थँक्यू मिस ड्युप्रे."

बाहेर आल्यावर तिच्या तोंडात तो आवाज आला होता, पण तिनं गिळला.

तो आवाज म्हणजे स्टूप्स. ओठ जरा पुढे काढायचे, दात मिटायचे आणि जीभ लावून हवा आत ओढायची. लांब, सावकाश. वैताग, तुच्छता, कंटाळा, 'गेलास उडत', सगळं त्या एका आवाजात मावतं. आमच्याकडं लेकरू बोलायच्या आधी स्टूप्स करायला शिकतं आणि त्यासाठीच पहिला मार खातं. हॉटेलात कामाला लागलेल्या बाईला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगतात: पाहुण्यांसमोर स्टूप्स नाही. बाकी चादर कशी ओढायची, ते नंतर. व्हर्लिन त्यात इतकी तयार झाली की घरीसुद्धा तिच्या तोंडून तो निघेनासा झाला. कॉसनेल मावशीला टँटी म्हणायचा. तो चिडवायचा, "टँटी, तुझे दात हॉटेलनं गहाण ठेवून घेतलेत का गं?"

शुक्रवारी दुपारी तिच्या मनगटात पाहुण्यांचा निळा पट्टा घातला. तो कातरीशिवाय निघत नाही आणि कातरी रविवारी बारा वाजता. पट्टेवाल्या पाहुण्यानं गावच्या बाजूच्या फाटकातून जायचं नाही, तिकडं त्यांच्या जिवाची जबाबदारी हॉटेल घेत नाही म्हणे. ज्या फाटकातून ती बावीस वर्षं ये-जा करत होती, तिथल्या रखवालदारानं मान खाली घालून सांगितलं, "मिस व्हर्लिन, मिस ड्युप्रेंनी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, अशी मला ताकीद आहे. माझी भाकरी घालवू नका." रखवालदार तिच्याच गल्लीतला होता.

खोलीत तरी काय करायचं? चादरीचा कोपरा कोणीतरी चुकीचा दुमडला होता. तिनं सोडवून नीट बसवला. मग न्हाणीघरातला आरसा पुसला. संध्याकाळी जेस्मा टॉवेल घेऊन आली, आणि पाहते तर खोली लखलखीत. जेस्मा तिची पंधरा वर्षांची जोडीदारीण, जिभेला हाड नसलेली.

"मॅडम," जेस्मा कमरेत वाकून म्हणाली, "टॉवेलचा हंस करू की बदक?"

"गाढव कर. मधोमध मलाच बसव."

"मेले, फुकटचं खा, पड. मला कोणी दिलं असतं तर रविवारी क्रेन लावून काढावं लागलं असतं."

"जेस्मा, गावात बकऱ्याचं मटण शिजतंय. वास येतोय बघ. कू-कू घोटायला मी नाही, तर ती इस्मे घोटत असेल. गुठळ्या करून ठेवेल."

कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घोटलेला गोळा. व्हर्लिनच्या हातचा गोळा बशीत फिरवला तर संगमरवरासारखा गुळगुळीत. इस्मे तिची शेजारीण आणि जन्माची स्पर्धक. जेस्मा पलंगावर टेकली, मग नियम आठवून उठली. "उद्या जाशील ना पण?"

"अकराला संपणारे म्हणाली."

"म्हणाली," जेस्मा म्हणाली, आणि दार लावून घेऊन लांबलचक स्टूप्स केला. व्हर्लिनला तिचा हेवा वाटला.

शनिवारी सकाळी फिल्मवाले आठला आले. त्यांचा म्होरक्या होता एक उंच, उन्हानं लाल झालेला माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. तेच तर वाईट. दुष्ट माणसाला शिव्या तरी घालता येतात. त्यानं व्हर्लिनला वाळूत आडव्या खुर्चीवर निजवलं, हातात नारळाचं पेय दिलं आणि म्हणाला, "अगदी मोकळ्या व्हा. घरीच आहात असं समजा."

घर कुंपणापलीकडं होतं, डोकं वळवलं तर छप्पर दिसत होतं.

आधी तिचा झगा बदलला. तिनं बोटीसाठी शिवलेला पांढरा झगा घातला होता, तो उन्हात डोळ्यावर येतो म्हणून पिवळा दिला. मग ढग आला. मग टोपी नको, मग टोपी हवी. मग पेयातला बर्फ वितळला, नवीन पेय. अकरा वाजले. साडेअकराला व्हर्लिननं हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. "मिस ड्युप्रे, मी जाऊ?"

"जस्ट नाऊ, मिस व्हर्लिन," मिस ड्युप्रे म्हणाली.

आता आमच्याकडं 'जस्ट नाऊ' म्हणजे 'आत्ता' नव्हे. 'जस्ट नाऊ' म्हणजे पुढं कधीतरी, जमलं तर. दोघींनाही ते पक्कं माहीत होतं. फिल्मवाल्याला वाटलं, झालंच म्हणून सांगितलं.

कुंपणाच्या जाळीतून सगळं दिसत होतं. बोट टेकूंवर उभी, निळी-पांढरी. दोरांना दोनशे माणसं लागलेली. ढोल वाजायचा थांबला होता. बारा वाजून गेल्यावर कॉसनेल स्वतः जाळीपाशी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, तो व्हर्लिननंच गुरुवारी इस्त्री करून दिलेला.

"टँटी!" तो ओरडला. "ये ना! सगळे थांबलेत."

फिल्मवाल्यानं कपाळाला हात लावला. आवाज फिल्ममध्ये आला होता. मिस ड्युप्रे झटकन जाळीपाशी गेली. "कॉसनेल, पाच मिनिटं. कृपा करून गप्प राहा."

"तुम्ही कशाला मध्ये बोलता? माझी टँटी आहे ती. टँटी, तू बोल!"

व्हर्लिननं तोंड उघडलं. पायऱ्यांवर केझाया उभी होती, हॉटेलच्या गणवेशात, छातीवर नावाची पट्टी. ती नकारार्थी मान हलवत होती की होकारार्थी, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"येते रे," व्हर्लिन म्हणाली. "जस्ट नाऊ."

शब्द तोंडातून गेला आणि तिलाच चटका बसला. कॉसनेलनं जाळीवरचा हात काढला. मग वळून बोटीकडं गेला.

एकला फादरनी प्रार्थना केली. सव्वा वाजता ते घड्याळ बघू लागले. दीडपर्यंत गाव थांबलं, खोटं कशाला बोलू. दोनशे माणसं उन्हात, जेवण निवत चाललेलं, पाद्री घाईत. मग कोणीतरी इस्मेला पुढं ढकललं.

इकडं फिल्मवाला म्हणत होता, "शेवटचं एकच वाक्य, मिस व्हर्लिन. कॅमेऱ्यात बघून म्हणा: इथून जावंसंच वाटत नाही."

व्हर्लिननं कॅमेऱ्यात बघितलं. कॅमेऱ्याच्या बरोबर मागं जाळी होती, जाळीमागं डोलकाठी. इस्मेनं दोरी ओढली. झेंडा उलगडला, वाऱ्यानं एकदा गुंडाळला, पुन्हा सुटला. लाल अक्षरं होती, हातानं शिवलेली. व्हर्लिनला चष्म्याशिवाय लांबचं चांगलं दिसायचं. तिनं वाचलं.

व्हर्लिन सी. तिचंच नाव, मागं आडनावाचं पहिलं अक्षर.

पलीकडून इस्मेचा आवाज आला, "व्हर्लिन सी!" आणि सगळं गाव ओरडलं. तिचं नाव, दोनशे तोंडांतून. मग कुऱ्हाडी पडू लागल्या, ठक, ठक, ठक. बोट हळूच कुशीवर कलली आणि माणसं गाणं म्हणत दोर ओढू लागली. व्हर्लिन पाण्यात चालली होती. आणि व्हर्लिन पिवळ्या झग्यात आडवी पडून होती, हातात नारळ.

"बोला, मिस व्हर्लिन," फिल्मवाला म्हणाला.

तिचे ओठ पुढे आले. दात मिटले. आणि बावीस वर्षं गिळलेला तो आवाज निघाला. असा लांब, असा चिवट, की जवळच ट्रे घेऊन उभा असलेला वेटर दचकून ताठ झाला. पायऱ्यांवर केझायानं तोंडावर हात ठेवला. मिस ड्युप्रेचा चेहरा कानापर्यंत तापला.

फिल्मवाल्याचे डोळे चमकले. "वा! पापा दिला! सगळ्या जगाला पापा! ठरवून दिलात का? मिस ड्युप्रे, ही इथली पद्धत आहे का?"

मिस ड्युप्रे ग्रेनाडाची होती. तिच्याही आईनं तिला त्या आवाजासाठी थोबाडलं असणार. तिनं व्हर्लिनकडं बघितलं. व्हर्लिननं नजर हटवली नाही, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. खरं सांगावं तर जाहिरात गेली, मालकांसमोर अब्रू गेली. न सांगावं तर हा स्टूप्स आपल्याच हातानं जगभर पाठवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त आज तोंड दुसरीचं होतं.

"हो," मिस ड्युप्रे म्हणाली. "इथली जुनी पद्धत आहे."

रविवारी बाराला पट्टा कापला. व्हर्लिन फाटकातून घरी आली. बोट नांगरावर डुलत होती. कॉसनेल आला नाही. सोमवारी नाही, त्या महिन्यात नाही. रस्त्यात भेटला तर "गुड मॉर्निंग, टँटी" म्हणून पुढं जायचा, परक्याला म्हणावं तसं. इस्मे मात्र रोज कुंपणावरून विचारायची, "व्हर्लिन, तुझी बोट बघितलीस का गं? छान नाव वाचलं मी!" महिनाअखेर केझायाची नोकरी कायम झाली. व्हर्लिननं देवापुढं आभाराची मेणबत्ती लावली आणि रात्रीचं जेवली नाही.

चार महिन्यांनी जाहिरात आली. विमानतळावरच्या पडद्यावर, फेरीच्या धक्क्यावर, मग सगळ्यांच्या फोनवर. निळा समुद्र, पिवळा झगा, नारळ, आणि आमची व्हर्लिन उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडावर सणसणीत स्टूप्स करतेय. पाहुणे हसून तिला उलट पापे पाठवायचे. बेट हसून हसून आडवं झालं. सामान उचलणारे हमाल दर दहा मिनिटांनी पडद्याखाली गोळा व्हायचे. हॉटेलच्या मालकांना अजूनही कोणी सांगितलेलं नाही. कोण सांगणार?

त्याच आठवड्यात कॉसनेल तिच्या दारात आला. एका हातात लाल मासे, एका हातात फोन. पायरीवर बसला. त्यानं जाहिरात लावली, शेवटापर्यंत पाहिली, पुन्हा लावली.

"टँटी, मागं ऐक. कुऱ्हाडीचा आवाज आहे."

"आहे."

"म्हणजे झेंडा उघडला तेव्हाचा हा."

"तेव्हाचाच."

कॉसनेल हसला. "काय स्टूप्स आहे गं! माझ्या जन्मात असा ऐकला नाही. त्या फिल्मवाल्यावर केलास ना? की ड्युप्रेवर?"

व्हर्लिननं मासे घेतले, टोपलीत ठेवले, हात झग्याला पुसले.

"त्यांच्यावर कशाला?" ती म्हणाली. "शंभर पावलं होती रे. मी उठले नाही. मी तो माझ्यावर केला."