रिसेप्टरांची शुक्रवारची सुट्टी

आमच्या सरांचा स्वतःवर इतका विश्वास, की तपासून बघणं हा त्यांना अपमान वाटायचा. बोईसरच्या एमआयडीसीला खेटून आमची प्रयोगशाळा, आणि माझी पीएचडी त्यांच्याच हाताखाली. जिवंत पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरून आलेला निरोप पकडणारे रेणू. कॅन्सरच्या पेशीवर ते कुठे नि किती दाट आहेत, हे आम्ही शोधत होतो. केसाहून हजारो पट बारीक टोकाची सुई, आणि टोकाला त्या रिसेप्टरलाच चिकटणारा रेणू. सुई पेशीला हळूच टेकवायची आणि उचलायची. रिसेप्टर भेटला तर तो सुई धरून ठेवतो, मग ती झटक्याने सुटते आणि पडद्यावरच्या रेषेत एक दात उमटतो.

असल्या नाजूक कामाला हादरे शोषणारं खास टेबल लागतं. "कशाला?" म्हणत सरांनी कडाप्प्याची लादी आणली आणि तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूब हवा भरून ठेवल्या. वा! नॅनोतंत्रज्ञान आणि पंक्चरवाला एकाच छताखाली.

दात मात्र धडाधड उमटायला लागले. सर हवेत! त्यांनी संस्थेच्या मंडळींना सांगूनही टाकलं, शनिवारी माझा सत्कारसुद्धा ठरला. माझी आई शिरगावला वाडीत भाजी लावते. तिनं गावभर सांगितलं, "पोरगी डॉक्टर झाली."

एक तपासणी राहिली होती. तोच रेणू पेशींच्या पाण्यात मोकळा सोडायचा. रिसेप्टर त्यातच गुंततात, सुईला पकडायला कुणी उरत नाही आणि दात जवळजवळ बंद व्हायला हवेत. सर म्हणायचे, "नंतर करू." गुरुवारी मी ती करून बघितली. दात जसेच्या तसे! सरांनी लगेच निदान केलं, "तुझा रेणू शिळा असेल."

शुक्रवारी प्रयोगशाळा बंद, पण पेशींना खायला घालायला सुट्टी नसते, म्हणून मी गेले. ताज्या पेशी घेतल्या, सुई टेकवली, तर रेषा सपाट. मेल्या की काय सगळ्या? बघितलं, तर चांगल्या टुणटुणीत होत्या. मग लक्षात आलं, बाहेर रस्ता गप्प आहे. शुक्रवारी एमआयडीसी बंद, भिंतीपलीकडे जमीन हादरवत जाणारा एकही मालाचा ट्रेलर नाही. म्हणजे आमचे रिसेप्टर साप्ताहिक सुट्टी घेत होते! आणि इतके दिवस आम्ही कॅन्सरच्या पेशीवर ट्रेलर मोजत होतो. त्या शांततेत अधूनमधून एखादा बारीक दात यायचा. मोकळा रेणू सोडला, तसा तोही थांबला. तेवढेच खरे होते.

सरांना फोन केला. सगळं ऐकून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "शुक्रवारी मशीन बंद ठेवत जा."

शनिवारी आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. सरांनी माझं इतकं कौतुक केलं, की ऐकताना मलाच त्या मुलीचा हेवा वाटला. मग माझ्या हातात माइक आला. मी म्हटलं, "हे आकडे रिसेप्टरांचे नाहीत, ट्रेलरचे आहेत. सगळं पुन्हा करावं लागेल." टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. सर हसून म्हणाले, "फार विनयशील आहे हो आमची मुलगी!" आणि शाल पुढे केली. मी ती घेतली नाही. सर कानाशी येऊन म्हणाले, "मग दुसरा गाईड शोध."

पालघरला गाडीतून उतरून शिरगावला जाताना रिक्षात मला रडू फुटलं. पीएचडी गेली, यापेक्षा आईचं तोंड पडलं याचं दुःख जास्त होतं. ती रस्ताभर बाहेर बघत होती.

"मंग तू डॉक्टर नाय?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही गं. होईन की नाही, तेही माहीत नाही."

तिनं पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं खसाखसा.

"तू तुज्या सरांना सांगितलंस ना? मंग गावाला मी सांगते," ती म्हणाली. रिक्षा गावात शिरली तशी तिनं ती शेजारणीच्या दाराशी थांबवली आणि एकटीच उतरली.