टॉवेल टाकून धरलेली सीट

कळंबच्या स्टँडवर मी खिडकीतून टॉवेल टाकून एसटीत सीट धरली होती. चढून बघतो तर तिथं आखूड केसांची एक वयस्कर बाई ताठ बसलेली. तिनं माझ्या टॉवेलची दवाखान्यातल्या चादरीसारखी काटकोनात घडी घालून हातात दिली. "टॉवेल तुमचा, सीट बसणाऱ्याची." सरकून माझ्या पोरीला मात्र शेजारी घेतलं. मी धाराशिवपर्यंत दांड्याला लोंबकळत.

बाई फौजेत नर्स होती, अधिकारी होऊन निवृत्त झालेली. हे कळताच पोरगी खुलली. बारावी झाल्यापासून तिनं त्याच नोकरीचं टुमणं लावलं होतं.

मी वरून म्हणालो, "मॅडम, फौजेतली नर्स सून म्हणून कोण करून घेतंय? रविवारी हिला बघायला पाहुणे येणारेत."

बाईनं सावकाश चष्मा पुसला.

"मलाबी बघायला आले होते. पोहे खाऊन म्हणाले, जरा चालून दाखव. मी चालले की! दारातनं निघाले ती थेट स्टँडवर, आन् तिथनं नर्सिंगच्या मुलाखतीला."

पोरगी खिडकीबाहेर बघत लई वेळ हसत होती.

घरी पोचल्या पोचल्या मी पाहुण्यांना फोन लावला. "या, पोहे खा. पण पोरीला तेवढं चालायला सांगू नका."