वरचा मजला कोणाचा

सांगलीला मुलाकडे राहायला आल्यापासून माझ्या दुपारी बिघडल्या आहेत. जेवणं झाली, ओटा पुसला, की घर गप्प होतं आणि माझ्या उजव्या हाताची बोटं उगाच खडू शोधायला लागतात. गुडघे निवृत्त झाले, डोळे झाले, बोटांना मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही.

मी चौथीला परिसर अभ्यास शिकवायचे. नकाशा, ग्रामपंचायत, गडकिल्ले, सगळं आलं त्यात. पण त्या नावाखाली मी खरं काय करायचे ते तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही कधी नीट उमगलं नाही. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा एखादा प्रश्न मी पोरांपुढे टाकायचे आणि गंमत बघत बसायचे. हे शहाणपण काही जन्मजात नव्हतं. सुरुवातीची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की मला आजही पदर तोंडावर धरावा लागतो.

साताऱ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली, वर डी.एड., खांद्याला पिशवी, पिशवीत जाड पुस्तकं. औंधला एसटीतून उतरायची आणि पुढच्या गावातल्या शाळेपर्यंत अशी चालायची की जणू वाटेतल्या ज्वारीलाही काहीतरी समजावून सांगायचं आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, ‘सत्य म्हणजे काय?’ अख्ख्या तासाची तयारी करून आली होती. मागच्या रांगेतला एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, “खोटं न्हाई ते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका पोरीनं पाटी पुसून विचारलं, “झालं का बाई? आता खेळायला सोडताय का?”

तास संपायला बराच वेळ होता. बाईंचं तत्त्वज्ञान संपलं होतं. पोरं लंगडी खेळली.

मग हळूहळू अक्कल आली. प्रश्न आभाळातून आणायचा नाही, शिवारातून उचलायचा. एकदा गावाच्या सीमा शिकवता शिकवता मी विचारलं, दोन शेतांच्या मधला बांध कोणाचा? वर्गात ज्यांचा बांधाला बांध लागलेला, अशी दोन पोरं होती. हे मला ठाऊक होतं असं मी नंतर कधी कबूल केलं नाही, आताही करणार नाही.

“जो गवात कापतो त्येचा,” एक म्हणाला.

“मग आमचाच. आमची आय कापती.”

“तुझी आय कापती, पर तुझा बा नांगर घालताना बांध कोरतो. दर साली इतभर सरकतो त्यो.”

“तू बघितलंस व्हय रं?”

“आमच्या म्हशीनं बघितलंय. तिला आता चरायलाबी जागा न्हाई.”

वर्ग पेटला. बांध कोरणाऱ्याचा की राखणाऱ्याचा, की मधल्या गवताचा, की कुणाचाच नाही आणि म्हणून दोघांचा. पोरं तो प्रश्न दप्तरात घालून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असतानाच दोघांच्या आया शाळेच्या पायरीशी हजर.

“आवं बाई, तुमी शिकिवता तरी काय? काल जेवताना पोरगं बाला इचारतंय, तुमी बांध कोरला का म्हणून. त्यो ताटावरनं उठला की वं.”

“आणि आमच्यातलं म्हणतंय, आपली म्हस आधी बांधून घाला, मग भांडा.”

दोघी आधी मला बोलल्या, मग एकमेकींना बोलल्या. हेडगुरुजी मधे पडले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही गडकिल्ले शिकवा, बांध तलाठ्यावर सोडा.” शेवटी चहा झाला. बांधाचं भांडण काही मिटलं नाही, पण त्यानंतर त्या दोघी वाटेत भेटल्या की हमखास विचारायच्या, “बाई, आज काय इचारलंसा पोरांस्नी?” त्या विचारण्यासाठी मी इतकी वर्षं त्या रस्त्यानं चालले, असं आता वाटतं.

तर अशी खोड लागलेल्या बाईला सांगलीतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीपुढे बसवून ठेवलं तर काय होणार? नात चौथीत आहे, जवळच्याच शाळेत. तिचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मी चोरून वाचते. पुस्तक छान आहे, चित्रं तर आमच्या वेळेपेक्षा कितीतरी सुरेख. पण धड्याखालच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं, सगळ्यांच्या वहीत सारखं. ते बघून माझा जीव कासावीस व्हायचा. मला फक्त एक वर्ग हवा होता. पगार नको, खुर्चीसुद्धा नको. आठवड्यातून एक तास, आणि समोर थोडी भांडकुदळ पोरं.

शेवटी मीच शाळेत गेले. मुख्याध्यापिका माझ्या मुलीच्या वयाच्या, फार गोड बोलणाऱ्या. योगायोगानं चौथीच्या टीचर मतदार याद्यांच्या कामाला गेल्या होत्या आणि गुरुवारचा एक तास रिकामा जात होता. “या ना आजी. मुलांना छान गोष्ट सांगा,” त्या म्हणाल्या. तास जमला तर दर गुरुवारी यायचं, असंही ठरलं. घरी नातीनं बजावलं, “आजी, तू फक्त गोष्टच सांग हं. प्रश्न नको विचारूस. सगळे मला चिडवतील.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हो म्हणाले नाही.

त्या गुरुवारी इस्त्रीची साडी नेसले. शाळेच्या जिन्यापाशी भिंतीवर एक तांबडी रेघ आहे, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी. वर जाताना ती माझ्या खांद्याशी आली. पूर आला तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, पण कृष्णेकाठच्या घरांत त्या पाण्याविषयी अजून बोलणं चालतं. मी वर्गात गेले आणि विचारलं, “पूर आला की खालच्या मजल्यावरचे लोक वर जातात. तेव्हा वरचा मजला कोणाचा?”

सगळ्यांनी वह्या उघडल्या.

“टीचर, उत्तर काय लिहायचं?”

“मी टीचर नाही, आजी आहे. आणि उत्तर मला ठाऊक नाही.”

“परीक्षेला आहे का?”

“नाही.”

तेव्हा वह्या मिटल्या. एक वेणीवाली उठली. “आमच्या घरात खालचे राहायला आलते. माझ्या पलंगावर झोपायचे.”

दोन बाक सोडून बसलेला एक मुलगा म्हणाला, “ते खालचे म्हणजे आम्हीच.”

वर्ग हसला. ती दोघं हसली नाहीत.

“पाणी होतं तवर ते घर सगळ्यांचं होतं,” मुलगा म्हणाला. “तुझे पप्पाच म्हणालते, आपलंच समजा. मग पाणी उतरल्यावर ते परत तुमचं कसं काय झालं?”

“कारण तुम्ही गेला.”

“आम्ही गेलो कारण तुझी मम्मी म्हणाली, आता खाली पाणी नाही ना. आमच्या भिंती ओल्या होत्या. चिखल तसाच होता.”

“मम्मी दमली होती. तुम्ही किती जण होता.”

मी खिडकीशी उभी होते. मधे पडले नाही. ती तरुण बाई असती तर नक्की पडली असती, दोन मोठे शब्द वापरून सगळं गुळगुळीत करून टाकलं असतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक बारीकशी पोर, जी तोवर नखं खात होती, ती म्हणाली, “माणूस दमलं की घर परत त्याचं होतं का?”

फक्त पंख्याचा आवाज येत होता. मी किती वर्षं अशा शांततेला पारखी झाले होते, ते तिथं उभी असताना मला कळलं. डोळे भरून आले आणि मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं. मग घंटा झाली.

संध्याकाळी नात माझ्याशी बोलली नाही. जेवताना मात्र तिनं तिच्या बाबाला विचारलं, आपल्याकडे पुरात कोण आलं होतं, आणि किती दिवस राहिलं. बाबा माझ्याकडे बघत भाकरी मोडत राहिला.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. तेव्हाच मी ओळखलं.

“आजी, मुलांना फार आवडलं. पण ती घरी जाऊन विचारतायत.”

“विचारू देत की.”

“दोन्ही घरचे पालक नाराज आहेत. ग्रुपवर बरंच काय काय आलंय.”

“मग त्यांना इथं बोलवा. मी बसते त्यांच्यापुढं.”

“ते येत नाहीत हो आजी. ते ग्रुपवरच लिहितात.”

पायरीशी येऊन तोंडावर भांडणाऱ्या बाईला चहा पाजता येतो. फोनमधल्या बाईला काय पाजायचं? त्या मुख्याध्यापिकेचाही मला राग आला नाही, बिचारी रोज किती जणांना सांभाळत असेल. “पुढच्या वेळी गोष्टच सांगाल ना?” तिनं विचारलं.

“सांगेन की. पण शेवट पोरांनी करायचा.”

ती हसली आणि म्हणाली, “बघते, कळवते.”

अजून कळवलेलं नाही. टीचर याद्यांच्या कामावरून परत आल्या आहेत, नात म्हणते. ती वेणीवाली आणि तो मुलगा बोलतात का, हे मी तिला रोज विचारते. ती म्हणते, आजी, मला काय माहीत. गुरुवारी दुपारी मी बाहेर पडायची तयारी केली की सून विचारते, “आई, एवढ्या उन्हात कुठं?”

“भाजीला,” मी म्हणते.

भाजी मिळते कोपऱ्यावर. मी जाते शाळेच्या अंगानं. चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आहे. खिडक्या उघड्या असतात, आणि पोरं सगळी मिळून एका सुरात काहीतरी म्हणत असतात. मी मेथीची जुडी छातीशी धरून तिथं उभी राहते. त्या सुरातून एखादं कुणी वेगळं बोलतंय का, ते ऐकत.