व्याह्यांच्या कमरेचं पिस्तूल

सामान्य नागरिकानं कमरेला पिस्तूल लपवून हिंडावं की नाही, याविषयी माझं मत अगदी ठाम होतं. आमच्या नारायण पेठेतल्या घरात ते कुणी विचारलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

विषय निघाला तो माझ्या मुलीच्या, अदितीच्या लग्नावरून. मुलगा तिच्याच ऑफिसातला, वाघोलीचा. शिकलेला, नम्र, दुसऱ्यांदा पोहे मागून घेणारा! अडचण होती ती त्याच्या वडिलांची. आबांनी रस्त्याकडेची जमीन बिल्डरला विकली, मोठी गाडी घेतली आणि रीतसर परवाना काढून पिस्तूलही घेतलं. आम्ही त्यांचं घर पाहायला गेलो, तेव्हा त्यांच्या शर्टाखालचा तो फुगवटा मी स्वतः पाहिला होता. (लपवलेली वस्तू सगळ्यांना दिसेल अशी लपवायची, ही कला काही औरच!) आणि आता ते सगळे सुपारी फोडायला आमच्याकडे येणार होते.

"या घरात पिस्तूल येणार नाही!" मी जाहीर केलं. "आज कमरेला पिस्तूल, उद्या पार्किंगवरून गोळीबार!"

"उलट विचार करा, भावजी," माझा मेहुणा श्रीकांत म्हणाला. "प्रत्येकाकडे पिस्तूल असलं, की लोक एकमेकांशी अदबीनं बोलतील."

"पुण्यात? अदबीनं?" माझी बायको सुलभा शेंगा सोलता सोलता म्हणाली. "त्याला तोफ लागेल."

"बाबा, प्लीज!" अदिती रडवेली झाली होती. "तुम्ही आबांना काही बोललात ना, तर माझं लग्न मोडलंच समजा."

"मी फक्त तत्त्व सांगणार आहे."

"त्यानंच मोडतं," सुलभा म्हणाली.

ठरल्या दिवशी मंडळी आली. आबा, त्यांची बायको म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, मुलगा आणि आबांचे दोन धाकटे भाऊ. फुगवटाही आला होता! मी आबांना हवा खायच्या निमित्तानं गॅलरीत नेलं आणि घसा साफ केला.

"आबासाहेब, आपण मोठे आहात. पण नागरिकानं शस्त्र लपवून बाळगणं हे लोकशाहीच्या दृष्टीनं..."

"हळू बोला, पाहुणं!" आबांनी गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि शर्ट वर केला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या हातात खलबत्त्यातला बत्ता होता. पितळी. आलं कुटायचा.

"इलेक्शन लागलंय न्हवं? लायसनवालं हत्यार पोलिसात जमा करावं लागतं," आबा कुजबुजले. "आन् कंबर रिकामी दिसली की भावकी लगीच इचारती, 'आबा, आता पिस्तूलबी इकलं का?' म्हणून ह्यो खोसला." त्यांचे कान लाल झाले होते. "माझ्या भावांना कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. मंग कसली सोयरीक आन् कसलं काय!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला हा माणूस मनापासून आवडला. आम्ही जागच्या जागी तह केला. 'पिस्तुलाची व्यवस्था झाली' एवढंच मी बाहेर सांगायचं. त्यांची अब्रू शाबूत, माझं तत्त्व शाबूत! राहता राहिला बत्ता. स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं. तेव्हा मी तो माझ्याच लेंग्यात खोसला आणि वरून झब्बा सोडला.

"पिस्तुलाची व्यवस्था झालेली आहे," मी बाहेर येऊन म्हणालो आणि नकळत झब्ब्यावरून हात फिरवला.

अहो, काय तो परिणाम! श्रीकांत खुर्चीवरून उठला. सुलभानं न मागता शिरा वाढला, आणि वर "अजून देऊ का?" विचारलं! तीस वर्षांच्या संसारात माझं एक वाक्य कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आज मी नुसतं खाकरलो तरी शांतता पसरत होती. श्रीकांतचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, असं मला वाटू लागलं.

तेवढ्यात सुपारी द्यायला मी वाकलो आणि लेंग्याच्या नाडीनं दगा दिला. बत्ता पायावरून घरंगळला आणि फरशीवर आदळला. ठण्ण!

"गोळी सुटली!" श्रीकांत सोफ्यामागे आडवा झाला. आबांचे भाऊ टेबलाखाली गेले. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीच्या मधोमध बत्ता लोळत होता.

"हे काय?" सुलभानं विचारलं.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या मागे अदिती उभी होती.

"माझा आहे. पिस्तूल आबांच्या गाडीत आहे. मला जरा... भीती वाटत होती. म्हणून स्वसंरक्षणासाठी."

"गाडीतच हाय! डिकीत!" आबा घाईघाईनं म्हणाले.

"म्हणजे लोकशाही वगैरे आम्हाला सांगायची, आणि स्वतः बत्ता लपवून फिरायचं?" सुलभा म्हणाली. मग तिनं तो उचलून निरखला. "पण हा आपला नाही."

"अगं बया!" विहीणबाई पुढे आल्या. "ह्यो तर आमचा! बुडाला चेपलाय बगा. तुमी घर बगून गेल्यापासनं शोधतीय मी!"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. आबा मात्र छताकडे बघत होते. खरं सांगावं तर सोयरीक बुडणार, आणि न सांगावं तर चोराच्या घरची मुलगी कोण करणार? अदितीच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं आणि मी मान खाली घातली.

"छान वाटला," मी म्हणालो. "म्हणून... घेतला."

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अवं, मागितला असता तर पिशवीत घालून दिला असता की! फोडा सुपारी. इतकं साधं माणूस कुठं मिळायचं?"

लग्न झोकात झालं. मुलगी सुखात आहे. निवडणूक संपली आणि आबांचं पिस्तूलही सुखरूप कमरेला परत आलं. आम्ही वाघोलीला गेलो, की विहीणबाई आग्रहानं जेवू घालतात आणि निघताना हसत हसत वाट्या मोजतात. मी आबांकडे बघतो. या जगात माझी बाजू माहीत असलेला तो एकच माणूस! तो कमरेवर हात ठेवून आतल्या खोलीकडे ओरडतो, "अगं, चमचंबी मोज!"