लहान डोक्याचा साचा

प्रयोगशाळेत तिला सगळे पाकवाली म्हणत. बाजारात येणाऱ्या मोबाइलमधून माणसाच्या डोक्यात किती लहरी मुरतात, ते तिथे तपासत. त्यासाठी अर्ध्या डोक्याच्या आकाराचा एक पोकळ, आडवा साचा होता. मेंदूच्या जागी त्यात भरायचं साखर-मिठाचं द्रावण ती रोज सकाळी ढवळून तयार करी. खालून साच्याच्या कानाला फोन लावला की द्रावणात लहरी मोजणारा एक बारीक काटा फिरे आणि पडद्यावर आकडा उमटे. आकडा मर्यादेत असला की शिक्का. अकरा वर्षांत तिचं द्रावण एकदाही बिघडलं नव्हतं.

"काय, आज एकतारी की दोनतारी?" साहेब रोज विचारत आणि स्वतःच हसत.

तिची मुलगी पिटू चार वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर मान वळवेना. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पिटूला तासभर खेळवून पाहिलं आणि सांगितलं, मेंदूची वाढ वेगळ्या तऱ्हेनं होतेय, बोलायचे धडे द्यावे लागतील, धीर धरावा लागेल.

"कशामुळे झालं हे?"

"नेमकं नाही सांगता येत."

पण तिच्या मनानं केव्हाच नेमकं ठरवलं होतं. पिटू पोटात असताना ती रोज आठ तास त्या यंत्राशेजारी उभी असे. पुढे तान्ही पिटू किरकिर करू लागली की गाणी लावून फोन तिच्या उशाखाली सरकवायचा आणि आपण कामाला लागायचं. पिटू लगेच गप्प होई. 'आमची मेली कशी शहाणी आहे बघा,' असं तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं.

"फोनमुळे झालं असेल का?" तिनं विचारलं.

"लहान मेंदूवर लहरींचा काय परिणाम होतो, यावर अजून अभ्यास चालू आहे. तुमच्या मुलीला त्यामुळेच झालं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. उगाच जीव जाळू नका. तिच्याशी बोला, तिच्याजवळ बसा."

ती जवळ बसली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, हा साचा कुणाच्या डोक्याचा?"

"चांगल्या धिप्पाड पुरुषाच्या."

"लहान मुलाचा का नाही?"

"मोठ्या डोक्यात जास्त मुरतं. ते पास झालं की पोरांचं आपोआप पास."

"आपोआप?"

"बाई, तुम्ही पाक ढवळा."

शनिवारी नवरा कामावर गेल्यावर तिनं प्लास्टरच्या पट्ट्या भिजवल्या. पिटूला केसांना कंगवा लागलेलाही सोसत नसे. तिनं पिटूला गुडघ्यांत धरलं आणि कानावरून, कवटीवरून पट्ट्या बसवायला घेतल्या. पिटू किंचाळली, चावली, टाचा घासत राहिली. "झालं गं, झालं. तुझ्यासाठीच करतेय," ती म्हणत होती आणि पकड घट्ट करत होती. प्लास्टर वाळायला वीस मिनिटं लागली. ते निघालं तेव्हा केसांचा पुंजकाही सोबत आला. पिटू कपाटामागे जाऊन बसली.

रविवारी सुट्टीच्या दिवशी, राहिलेलं काम आहे असं पहारेकऱ्याला सांगून ती प्रयोगशाळेत शिरली. प्लास्टरच्या त्या लहान साच्याला आतून मेण लावलं, द्रावण ओतलं, काटा सोडला. कानाजवळ आकडा मोठ्या साच्यापेक्षा किंचित जास्त आला, वर कवटीकडे कमी. दोन्ही मर्यादेत. तिनं पाच वेळा मोजलं. फोन बदलला, द्रावण नव्यानं केलं. आकडा हटेना. मर्यादेबाहेर गेला असता तर निदान कुणाची तरी गचांडी धरता आली असती. आता कुणाची धरायची? ती यंत्रापुढे बसून ओक्साबोक्शी रडली. साचा तिथेच राहिला.

सोमवारी साहेबांनी तो हातात घेतला. आत मेणाखाली केस चिकटलेले होते. ते हसले नाहीत.

"घरी केलेल्या साच्यावरचा आकडा कुणी मानत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग का केलंत?"

त्याच दिवशी तिला कामावरून काढलं.

घरी तर त्याहून वाईट झालं. ती खोलीत आली की पिटू दोन्ही हातांनी डोकं झाकून घेई. नवऱ्यानं कानामागची सोललेली कातडी पाहिली. "काय केलंस तू हिला?" त्यानं एवढंच विचारलं. तेव्हापासून पिटूला भरवणं, न्हाऊ घालणं, धड्यांना नेणं, सगळं तोच करू लागला. ती दहा पावलं मागून चाले आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राही.

असे सात महिने गेले. एके दुपारी नवरा पाणी आणायला खाली गेला आणि आतून पिटूच्या रडण्याचा आवाज आला. तिला राहवेना. तिनं दार ढकललं, आत जाऊन हात पुढे केले.

पिटूनं डोकं झाकलं. तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "नको."

स्पष्ट. खणखणीत.

"बोलली! अहो, बोलली ही!" शिकवणाऱ्या बाई आनंदानं ओरडल्या. "ऐकलंत ना?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि मागे सरकत बाहेर आली. दार तिनं बाहेरून हळूच ओढून घेतलं.